हातात विरून जाणारं यंत्र, पण कुणाच्या हातात?

मंडळी, हायडेगरची हातोडी आपल्याला ठाऊक आहे. खिळा ठोकताना ती जाणवत नाही. मोडली की डोळ्यांत भरते. हाच निकष आज व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरला लावून बघू.

१९८२ साली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी ‘डाँकी काँग’च्या हातात धरायच्या खेळासाठी अधिकच्या चिन्हासारखं एकच बटण बसवलं. डावा अंगठा, चार दिशा. खाली बघावंच लागत नाही. याउलट १९८९चा ‘पॉवर ग्लोव्ह’. अख्खा पंजा यंत्रात घालायचा, हात हलवला की खेळ हलणार! कल्पना भव्य, पण हालचाली धड टिपल्या जात नसत. खेळ बाजूला, मोजाच सांभाळत बसायचं. योकोई पास, मोजा नापास. इथवर निकष चोख चालतो.

पण ‘हातात विरून जातं’ म्हणताना आपण कुणाचा हात गृहीत धरला? दोन्ही अंगठे धडधाकट असलेला. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. वर दोन मोठी बटणं, मागे १९ जॅक. पायाने, कोपराने, जसं जमेल तसं दाबायचं बटण ज्याने त्याने जोडून घ्यावं. हा विरून वगैरे जात नाही. आधी जुळवत बसावं लागतं. आपल्या हिशोबाने नापासच की! पण ज्यांच्यासाठी नेहमीचा कंट्रोलर ही कायमची मोडकी हातोडी होती, त्यांना यातून खेळता येतं.

मग नापास कोण? आमचा निकष. आम्ही तो वर्षानुवर्षं वर्गात शिकवला आणि ‘हात’ म्हणजे आपलाच हात समजत राहिलो.