‘प्रो गिट’ आणि विद्यार्थ्यांचा रोबोटिक्स संघ : एक चिकित्सा

लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये ‘गिट’ ही प्रणाली निर्माण केली ती लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या, जगभर विखुरलेल्या अनुभवी प्रोग्रामरांसाठी. स्कॉट चॅकन यांचा ‘प्रो गिट’ (२००९, बेन स्ट्रॉब यांच्यासह दुसरी आवृत्ती २०१४) हा या प्रणालीवरील बहुपरिचित ग्रंथ होय. तो इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध असल्याने विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडतो. परंतु एकाच कार्यशाळेत, एकाच यंत्राभोवती उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांना तो कितपत पुरतो? अमेरिकेत १९९२ मध्ये सुरू झालेली ‘फर्स्ट रोबोटिक्स काँपिटिशन’ ही शालेय विद्यार्थ्यांची स्पर्धा समोर ठेवून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

ग्रंथाची बलस्थाने प्रथम मान्य केली पाहिजेत. प्रत्येक संगणकावर संपूर्ण इतिहासासह भांडार असते, हे तत्त्व लेखकांनी अत्यंत सुबोधपणे मांडले आहे. या स्पर्धेच्या ठिकाणी संघांना स्वतःचे वायरलेस जाळे उभारण्यास मनाई असते. अशा वेळी दोन सामन्यांमधील अल्प अवधीत सर्व्हरवाचून नोंद करता येणे आणि मागील स्थितीकडे परतता येणे, हा या तत्त्वाचा प्रत्यक्ष लाभ आहे.

मर्यादा जाणवते ती शाखांच्या विलीनीकरणाबाबत. लेखकांचे विवेचन मजकुराच्या फाइली गृहीत धरते. या स्पर्धेत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या लॅबव्ह्यू या चित्रमय भाषेच्या फाइली मात्र द्विमान स्वरूपाच्या असतात. त्यांचे ओळवार विलीनीकरण गिटला करता येत नाही. द्विमान फाइलींमधील फरक पाहण्याचा उपाय ग्रंथात आहे. पण त्याची उदाहरणे वर्डचे दस्तऐवज आणि छायाचित्रे यांची आहेत.

याहून गंभीर बाब अशी की, मजकुराचा मेळ म्हणजे यंत्राचा मेळ नव्हे. समजा, रोबोचा हात उलट दिशेने वळतो. एक विद्यार्थिनी एका फाइलीत मोटरची दिशा बदलते. दुसरा विद्यार्थी आपल्या शाखेत, वेगळ्या फाइलीत, एन्कोडरचे चिन्ह बदलतो. स्वतंत्रपणे दोन्ही उपाय योग्य आहेत. गिट त्यांचे निर्वेधपणे विलीनीकरण करते, कोठेही संघर्ष दाखवत नाही, आणि हात लक्ष्यापासून दूर धावत जाऊन अडथळ्यावर आदळतो. ही चूक यंत्र ठोकळ्यांवर उचलून धरून, कमी वेगाने चाचणी घेतल्यावरच सापडते. यंत्र मात्र एकच असते. शाखा कितीही काढता आल्या, तरी चाचणीची रांग एकच राहते. ग्रंथाच्या पाचव्या प्रकरणातील तीनही कार्यपद्धतींत (केंद्रीय, संकलक-व्यवस्थापक, आणि ‘हुकूमशहा व त्याचे सरदार’) या रांगेला स्थान नाही. लिनक्सच्या विकसकांना तिची गरज भासली नसावी. आपल्या प्रयोगशाळांना ती रोज भासते.

शाखांवरील प्रकरणात दुसऱ्या आवृत्तीने एक मार्मिक प्रश्न उपस्थित केला आहे. नोंदींचा इतिहास म्हणजे घडले त्याचे दफ्तर, की प्रकल्प कसा साकारला याची नीट संपादित केलेली कथा? ‘रिबेस’ या आज्ञेने इतिहास नव्याने रचता येतो. इतरांपर्यंत पोहोचलेल्या नोंदी बदलू नयेत, इतका दंडक घालून लेखक निवड वाचकावर सोपवतात. व्यावसायिक प्रकल्पापुरती ही तटस्थता योग्यच आहे. विद्यार्थिसंघाच्या बाबतीत ती स्वीकारता येत नाही. फसलेला प्रयत्न, मध्यरात्रीची घाईची दुरुस्ती, तीन दिवसांनी मागे घेतलेला निर्णय, हेच तेथील अध्ययनाचे साहित्य असते. संपादित कथेतून नेमके तेच गळते. नोंदींची संख्या मोजून गुण देण्याची प्रथा पडली, तर हानी आणखी वाढेल, कारण विद्यार्थी तीच कथा गुणांसाठी रचू लागतील. शिवाय एकाच संगणकापुढे दोघे बसले असता नोंद एकाच्याच नावे होते. चर्चेतून मार्ग सुचवणारी विद्यार्थिनी त्या इतिहासात दिसतच नाही.

‘टॅग’विषयीचा भागही प्रकाशित आवृत्त्यांच्या क्रमांकांभोवतीच फिरतो. वस्तुतः प्रत्येक सामन्यापूर्वी यंत्रावर चढवलेल्या आज्ञावलीला त्या सामन्याच्या क्रमांकाचा टॅग लावणे, हा त्याचा संघासाठी सर्वांत मोलाचा उपयोग ठरतो. पराभवानंतर पहिला प्रश्न ‘यंत्रावर नेमके काय होते?’ हाच असतो. नोंद न करताच लॅपटॉपवरून चढवलेली आज्ञावली कोणत्याही भांडारात सापडत नाही.