दोन नगराध्यक्ष

युद्धावरील कादंबऱ्या वाचणाऱ्यास एक गोष्ट सहज आढळून येते. त्यांत तोफा असतात, खंदक असतात, इस्पितळें असतात, विरहही पुष्कळ असतो. परंतु लढाई चालू असतांना गांवांत सकाळचा पाव कोण भाजतो, पिण्याचें पाणी कोठून येतें, रस्ता कोण झाडतो, ह्या प्रश्नांचा त्यांत बहुधा मागमूस नसतो. वास्तविक युद्धकाळांतही बहुसंख्य माणसें लढत नसतात. तीं रांगेंत उभीं असतात. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, तेव्हांच्या रांगांच्या आठवणी मराठी घरांतून पुढें कितीतरी वर्षें सांगितल्या जात असत. अशी रांग लावणारा आणि तिची तक्रार ऐकून घेणारा जो नगराचा कारभारी, तो युद्धवाङ्मयांत मात्र अगदीं उपेक्षित राहिला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रींत अमेरिकेंत निघालेल्या दोन कादंबऱ्यांनीं ही उपेक्षा कांहीं अंशीं दूर केली. जॉन स्टाइनबेकची ‘द मून इज डाउन’ १९४२ सालीं प्रसिद्ध झाली आणि जॉन हर्सीची ‘अ बेल फॉर अडानो’ १९४४ सालीं. हर्सीच्या पुस्तकाला पुढच्याच वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. स्टाइनबेकच्या पुस्तकाला निराळाच मान लाभला: जर्मन अंमलाखालील नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड व फ्रान्स ह्या देशांत त्याचीं भाषांतरें चोरून छापलीं गेलीं आणि हातोहातीं फिरलीं. दोन्ही कादंबऱ्यांत शहर परक्या सैन्याच्या ताब्यांत आहे, आणि दोन्हींत कथेचा केंद्रबिंदु रणभूमि नसून नगराध्यक्षाची जागा हा आहे. म्हणून त्या एकत्र वाचाव्यात असें आम्हांस वाटतें. एकत्र वाचल्या असतां, ज्याच्या हातीं पावाची आणि पाण्याची व्यवस्था आहे त्याला ती सत्ता मुळांत कोणी दिली, हा प्रश्न आपोआप पुढें येतो.

प्रथम हर्सीचें पुस्तक घेऊं. १९४३ च्या जुलै महिन्यांत दोस्तांचीं सैन्यें सिसिली बेटावर उतरलीं. हर्सी त्या मोहिमेंत वार्ताहर होता, आणि लिकाटा ह्या बंदरांतील लष्करी कारभार त्यानें जवळून पाहिला. त्यावरूनच अडानो हें कल्पित गांव त्यानें रचिलें. गांवचा फॅसिस्ट नगराध्यक्ष नास्ता डोंगरांत पळून गेलेला आहे, आणि त्याच्या भल्यामोठ्या मेजापाशीं अमेरिकन सैन्यांतील मेजर जोपोलो येऊन बसतो. त्याचें घराणें मूळ इटालियन, तो स्वतः न्यूयॉर्कचा. सैन्यांत येण्यापूर्वीं तो साधा कारकून होता. पराक्रमाचें वलय त्याच्याभोंवतीं मुळींच नाहीं, ही लेखकाच्या निवडींतील पहिली शहाणपणाची गोष्ट.

गांवाला सर्वांत अधिक निकड कशाची आहे, असें जोपोलो आल्याबरोबर विचारतो. कोणी अन्न म्हणतो. पण एक वृद्ध व्यापारी घंटेचें नांव घेतो. सातशें वर्षांची जुनी घंटा मुसोलिनीच्या सरकारनें बंदुकांच्या नळ्यांसाठीं वितळविण्यास नेलेली आहे. तिच्या टोल्यांवर गांव उठत असे, जेवत असे, कामाला लागत असे. पुस्तकाचें नांव ह्या घंटेवरून पडलें आहे आणि कथेचा शेवटही तिच्यापाशींच होतो. तरीपण ह्या कादंबरीची खरी शक्ति घंटेंत नसून मधल्या कारभारांत आहे. पाव वाईट निघतो, त्याची चौकशी होते. पोलिसांचा मुख्य रांग मोडून पुढें घुसतो, एक गृहिणी त्याला अडविते, आणि तें प्रकरण मेजरपुढें येतें. निकालाच्या निमित्तानें मेजर गांवच्या सर्व अंमलदारांना बोलावून सांगतो कीं, सरकारी माणूस लोकांचा धनी नव्हे, चाकर आहे, आणि त्यानें आपली पाळी येईपर्यंत इतरांप्रमाणें उभें राहिलें पाहिजे. मासेमारी बंद आहे. कारण समुद्रांत सुरुंग आहेत आणि आरमाराची परवानगी नाहीं. कोळ्यांचा म्होरक्या तोमासिनो सत्तेचें नांव काढतांच तोंड फिरवितो. म्हणून मेजर त्याला कचेरींत न बोलावतां स्वतःच त्याच्याकडे जातो. हीं प्रकरणें वाचतांना लोकशाहीचें शिक्षण ग्रंथांतून नव्हे तर पावाच्या दुकानासमोर मिळतें, हें पटतें.

ह्या सर्वांत उत्कृष्ट प्रकरण गाड्यांचें आहे. जनरल मार्व्हिनची मोटार रस्त्यानें जात असतां एक खेचराची गाडी तिच्या आड येते. गाडीवान डुलकी घेत असतो. जनरल ती गाडी रस्त्याखालीं लोटावयास लावतो, खेचराला गोळी घालवितो, आणि गांवांत एकही गाडी येतां कामा नये असा हुकूम फर्मावितो. जनरलच्या दृष्टीनें हा वाहतुकीचा प्रश्न आहे. गांवाच्या दृष्टीनें तो तहानेचा प्रश्न ठरतो. कारण पिण्याचें पाणी आणि धान्य ह्याच गाड्यांतून येत असतें. तोफेचा एकही गोळा न पडतां एका ओळीच्या हुकुमानें गांव कसें कासावीस होतें, हें हर्सीनें जितक्या साधेपणानें दाखविलें आहे तितकें आमच्या वाचनांत अन्यत्र आलेलें नाहीं. जोपोलो हुकूम फिरवितो. त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला जातो. खालचे लष्करी कारकून तो कागदांच्या ढिगांत हेतुपुरस्सर मागें सारतात. कचेरीचा अनुभव असलेल्या वाचकाला येथें हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. शेवटीं अहवाल जनरलच्या हातीं पडतोच, आणि जोपोलोची बदली होते. आरमाराच्या एका विनाशिकेवरून मागून आणलेली घंटा तोंपर्यंत मनोऱ्यावर चढलेली असते; गांव सोडून जातांना तिचा नाद त्याच्या कानीं पडतो.

येथवर स्तुति झाली. आतां आमचा आक्षेप. हर्सी प्रस्तावनेंत आपलें प्रमेय उघड सांगतो: मोठमोठ्या सनदा, घोषणा व योजना कशाचीच हमी देऊं शकत नाहींत, हमी मिळेल ती जोपोलोसारख्या माणसांकडून. विधान आकर्षक आहे, आणि अमेरिकन वाचकाला तें नवें वाटलें असेल. मराठी वाचकाला तें नवें नाहीं. ‘कलेक्टर फार चांगला होता’ हें वाक्य आमच्या आजोबा-पणजोबांनीं किती वेळां उच्चारलें असेल! दुष्काळांत जातीनें फिरणारे, तगाई वांटणारे, विहिरी खणविणारे परके अंमलदार आमच्याकडेही होऊन गेले, आणि त्यांच्याविषयींची कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु तो चांगला साहेब बदलून गेला म्हणजे त्याच्या मागें काय उरत असे? दुसरा साहेब. अडानोंतही हेंच घडतें. सबंध पुस्तकांत निवडणूक होत नाहीं. गांवच्या लोकांची सभा कोणत्याही गोष्टीचा निर्णय करीत नाहीं. अंमलदार मेजर नेमतो आणि मेजरच काढतो. लोक अर्ज करतात, रडतात, टाळ्या वाजवितात, मेजरची तसबीर काढवितात. सरकारी माणूस लोकांचा चाकर आहे, हें जो त्यांना शिकवितो त्याला मात्र त्यांनीं नेमलेलें नाहीं आणि त्यांना काढतांही येत नाहीं. त्याला काढूं शकतो तो जनरल. म्हणजे हर्सीनें मांडलेल्या कथेनेंच हर्सीच्या प्रमेयाचें खंडन केलें आहे: भल्या माणसाची हमी एका सहीनें नाहींशी होते. लेखकाला हा विरोध जाणवला असता तर पुस्तकाचा शेवट इतका गोड झाला नसता.

ह्या ठिकाणीं स्टाइनबेक उपयोगी पडतो. त्याचें गांव उत्तरेकडील एक निनांवी खाणीचें गांव आहे. शत्रूला तेथला कोळसा हवा आहे. कोरेल नांवाचा दुकानदार फितूर होऊन गांवचे मूठभर शिपाई नेमबाजीच्या स्पर्धेला बाहेर काढतो, आणि गांव घटकाभरांत पडतें. नगराध्यक्ष ऑर्डेन हा वृद्ध, कांहींसा हास्यास्पद गृहस्थ आहे. शत्रूचा कर्नल भेटीस येणार म्हणून त्याची पत्नी त्याला सजवीत असते. घरांतली स्वयंपाकीण अंगणांत उभ्या असलेल्या शिपायांवर उकळतें पाणी फेंकते. पुढें एक खाणकामगार एका अधिकाऱ्यास ठार करतो, तेव्हां कर्नलची मागणी अशी असते कीं, शिक्षा नगराध्यक्षानें सुनवावी. म्हणजे गांव शांत राहील. ऑर्डेन नकार देतो. मला तसा अधिकार नाहीं, असें तो म्हणतो. नगराध्यक्ष ही एक व्यक्ति नसून स्वतंत्र माणसांनीं निर्माण केलेली कल्पना आहे. व्यक्तीला पकडतां येतें, कल्पनेला पकडतां येत नाहीं, ही त्याची भूमिका अखेरपर्यंत ढळत नाहीं. कोरेलला नगराध्यक्षाची जागा हवी असते. पण ती जागा कर्नलच्या हुकुमानें मिळण्यासारखी नाहीं, हें कर्नललाच पुरतें कळून चुकलेलें असतें.

तत्त्व म्हणून स्टाइनबेकची बाजू निःसंशय अधिक खोल आहे, आणि तें तत्त्व केवळ पुस्तकी नव्हतें ह्याचा दाखला आमच्याच महाराष्ट्रांत आहे. त्याच युद्धाच्या काळांत, १९४३ पासून १९४६ पर्यंत, सातारा जिल्ह्यांत क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार चाललें. कचेऱ्या, मामलेदार व पोलीस जागच्या जागीं होते. तरी अनेक गांवांतील भांडणें प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांकडे जात. लोक ज्याला मानतात त्याचाच निवाडा चालतो, हें त्या गांवकऱ्यांस ऑर्डेनचें नांव ऐकल्यावांचून ठाऊक होतें.

परंतु कलाकृति म्हणून पाहतां स्टाइनबेकचें पुस्तक पातळ आहे. तें नाटकाच्या धर्तीवर लिहिलेलें असल्यामुळें पात्रें दिवाणखान्यांत येतात, अर्थपूर्ण बोलतात आणि निघून जातात. त्या गांवांत पावाचा भाव काय होता, पाणी कोठून येत होतें, झाडूवाल्याला पगार कोण देत होता, हें आपणांस कळत नाहीं. लोकांनीं निवडलेला नगराध्यक्ष रोजच्या रोज काय करीत असे, ज्यामुळें लोक त्याला मानीत, हेंच लेखक सांगत नाहीं. शत्रूला माणूस म्हणून दाखविलें हा दोष अमेरिकेंतील कांहीं टीकाकारांनीं त्याच्यावर लादला होता. तो आम्हांस मान्य नाहीं. दोष असलाच तर तो हा कीं, त्यानें गांवाला पुरेसें गांव म्हणून दाखविलें नाहीं. हर्सीजवळ ही उणीव नाहीं, म्हणून त्याचें पुस्तक आक्षेपासहित अधिक जिवंत वाटतें. तहानेलेल्या माणसाला अधिकाराचें मूळ शोधण्याची फुरसत नसते. त्याला गाडी यावयास हवी असते. जोपोलोनें ती आणविली, हें त्याचें पुण्य कोणत्याही टीकेनें कमी होणार नाहीं.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावांत एक मार्मिक विचार होता. स्थानिक स्वराज्य हवें तें मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नव्हे, तर लोकांना राजकीय शिक्षण मिळावें म्हणून, असा त्याचा आशय होता. आरंभीं कारभार बिघडला तरी चालेल, पण तो लोकांच्या हातून बिघडूं द्या, हें त्यांत अभिप्रेत होतें. जोपोलोला ही गोष्ट सुचली नाहीं, कारण त्याच्या निर्मात्याला ती सुचली नाहीं. गाड्यांवरील बंदी उठविण्याचा निर्णय त्यानें एकट्यानें घेतला. तोच निर्णय गाडीवान, कोळी, बेकरीवाला आणि ती रांगेंतली गृहिणी ह्यांना एका मेजाभोंवतीं बसवून त्यानें घेतला असता, तर त्याची बदली झाल्यावरही दुसऱ्या दिवशीं जनरलला विचारणारें कोणीतरी गांवांत उरलें असतें.

आमच्या घराघरांतून ह्या दोन्ही कादंबऱ्या वाचल्या जाव्यात. आकारानें त्या मोठ्या नाहींत आणि इंग्रजी सुबोध आहे. मात्र हर्सीची घंटा कानावर पडली म्हणजे वाचकानें क्षणभर थांबून ती वाजविण्याची दोरी कोणाच्या हातीं आहे, हें पाहावें. ज्या नगरांत आपण राहतों, कर भरतों आणि नळाला पाणी न आल्यास एखाद्या ओळखीच्या अधिकाऱ्याचें घर शोधतों, त्या नगराविषयींही मग तोच प्रश्न स्वतःस विचारण्यास हरकत नाहीं.