तारिकलाही घाबरू द्या

दूरचित्रवाणीवर एखादी स्पर्धा सुरू झाली की आपल्या घरांत एक गोष्ट हमखास घडते. स्पर्धकांची नावे पडद्यावर येऊ लागतात आणि अम्मी, खाला, शेजारच्या भाभी साऱ्यांचे कान टवकारतात. आपला कुणी आहे का? असला तर तो गातो कसा, रांधतो कसा हे नंतर. आधी काळजी तो वागतो कसा याची. त्याने भांडू नये, शिवी देऊ नये, रडून तमाशा करू नये. २०२३ साली पुण्याचा एम. सी. स्टॅन ‘बिग बॉस’च्या सोळाव्या हंगामाचा विजेता ठरला तेव्हा माझ्या ओळखीच्या घरांत त्याच्या विजयापेक्षा त्याच्या भाषेचीच चर्चा अधिक झाली. तो एकटा खेळत नव्हता, साऱ्या जमातीला खांद्यावर घेऊन खेळत होता. निदान आपण तरी तसे धरून चाललो होतो.

हीच काळजी मनात ठेवून मी अ‍ॅलेक्सिस हॉल यांची ‘पॅरिस डायलेनकोर्ट इज अबाउट टू क्रम्बल’ ही इंग्रजी कादंबरी वाचली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. ‘बेक एक्स्पेक्टेशन्स’ नावाच्या काल्पनिक केक-पाव स्पर्धेभोवती हॉल यांनी जी मालिका लिहिली आहे, तिच्यातले हे दुसरे पुस्तक. ही काल्पनिक स्पर्धा म्हणजे ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ची उघड प्रतिकृती आहे. इंग्लंडमधला एक जुना वाडा, दोन परीक्षक, एक गप्पिष्ट निवेदिका, तोंडाने फटकळ निर्माती, आणि दर शनिवार-रविवारी जमणारे हौशी स्पर्धक. दर आठवड्याला एकजण घरी जातो. ही रचना प्रेमकथेला फार सोयीची असते. ज्याच्यावर जीव जडला तोच प्रतिस्पर्धी, आणि पुढच्या आठवड्याला तो समोरच्या टेबलाशी असेल की नाही याचा भरवसा नाही. लेखकाला विरह वेगळा रचावा लागत नाही, परीक्षकच तो घडवून आणतात.

पॅरिस हा गोरा, श्रीमंत, एकाकी तरुण. लॅटिन-ग्रीक वाङ्मयाचा विद्यार्थी. हातात कसब असूनही त्याला स्वतःचा काडीचा विश्वास नाही. स्पर्धेत नावही त्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणीने परस्पर नोंदवलेले. पहिल्याच आठवड्यात तो जिंकतो, आणि तिथेच त्याला तारिक हसन भेटतो. तारिक ब्रिटिश मुस्लीम आहे, समलिंगी आहे, नटण्यामुरडण्याची हौस असलेला आहे आणि आपला धर्म गांभीर्याने घेणारा आहे. लग्नाआधी शरीरसंबंध नको, हे तो पॅरिसला स्वच्छ सांगतो.

आपल्यापैकी काही वाचक इथेच पुस्तक मिटतील, हे मी जाणून आहे. त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. मात्र एक नोंद केलीच पाहिजे. पाश्चात्त्य कथा-कादंबऱ्यांत असा मुस्लीम तरुण आला की बहुधा त्याला दोन दारांपुढे उभे करतात, धर्म सोड किंवा प्रेम सोड. हॉल यांनी तारिकला त्या दोन दारांपुढे उभे केलेले नाही. त्याची श्रद्धा ही त्याची व्याधी नाही, की पॅरिसने सोडवायचे कोडेही नाही. लोकप्रिय प्रणयकथेत हे थोडे नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

संपूर्ण कादंबरी पॅरिसच्या नजरेतून सांगितली आहे. पॅरिसच्या मनात अखंड चाललेला कोलाहल हेच तिचे कथन, आणि ते हॉल यांना उत्तम साधले आहे. माफी मागायची, माफी मागितल्याबद्दल पुन्हा माफी मागायची, समोरच्याने धीर दिला की त्या धीरातच तिरस्कार शोधायचा. चिंताविकाराने ग्रासलेले माणूस ज्याने घरात पाहिले आहे त्याला ही पाने वाचताना दम लागेल. पुढे प्रेक्षकांची निर्दय शेरेबाजी पॅरिसच्या वाचनात येते आणि तो पार खचतो. शेवटी त्याला उपचारांची वाट सापडते. हे सारे मनापासून लिहिले आहे.

पण या सगळ्या वेळात तारिक काय करीत असतो? तो समजून घेतो, हसवतो, धीर देतो, चुकीचे प्रश्न विचारले गेले की नीट समजावून सांगतो. पॅरिसला कोसळण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि तारिककडे काम आहे ते त्याला सावरण्याचे. लेखकाला हे कळलेले नाही असे नाही. पॅरिसच्या सततच्या आत्मनिंदेचा भार तारिकला सोसेनासा होतो, तो दूर होतो. तो दुरावा हा मला कादंबरीतला सर्वांत खरा भाग वाटला. पण तिथेही कथा पॅरिसबरोबरच राहते. तारिक बाहेर पडला की आपल्यालाही दिसेनासा होतो.

हा सद्गुणी तारिक मला ओळखीचा वाटला. आपल्या सिनेमांतून रहीमचाचा म्हणून तो कितीदा भेटला आहे! नायकाच्या दुःखात सोबत करणारा, स्वतःचे दुःख गिळणारा. ‘शोले’तल्या इमामसाहेबांना आपला एकुलता मुलगा गमावूनही गावाला धीर द्यावा लागतो. कपडे बदलले, देश बदलला, पण नेमणूक तीच. हमीद दलवाई यांनी १९६५ साली ‘इंधन’मध्ये कोकणातल्या गावची मुस्लीम माणसे गुणदोषांसकट उभी केली, त्याचे मोल अशा वेळी अधिक जाणवते.

गंमत अशी, की खऱ्या स्पर्धेत नेमके उलटे घडले होते. २०१५ साली ‘बेक ऑफ’ जिंकली ती लूटनमध्ये वाढलेल्या, बांगलादेशी कुटुंबातल्या नादिया हुसेन हिने. अंतिम भाग सव्वा कोटीहून अधिक लोकांनी पाहिला. त्याआधी एका इंग्रजी दैनिकात स्तंभलेखिकेने टोमणा मारला होता, की बाद झालेल्या गोऱ्या मुलीने चॉकलेटची मशीद केली असती तर ती कदाचित टिकली असती! डोक्याला स्कार्फ बांधलेली नादिया त्या तंबूत काही आत्मविश्वासाचा पुतळा नव्हती. तिच्या चेहऱ्यावरची धास्ती, हिरमोड, चिडचिड हेच लोकांना आवडले. २०१९ साली बीबीसीच्या माहितीपटात ती आपल्या जुन्या भयविकाराबद्दल उघडपणे बोलली. म्हणजे पॅरिसचे दुखणे वास्तवात त्या स्पर्धेतल्या सर्वांत प्रसिद्ध मुस्लीम विजेतीचे होते. कादंबरीने ते गोऱ्या नायकाला दिले आणि मुस्लीम पात्राच्या वाट्याला शहाणपण ठेवले.

हॉल यांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही. कदाचित परक्या समाजाचे माणूस रंगवताना अन्याय होऊ नये या धास्तीनेच त्याला निर्दोष केले असेल. आपणही त्या स्टॅनकडून तेच मागत होतो. पण निर्दोष माणसाच्या प्रेमात पडता येते, त्याची काळजी मात्र वाटत नाही. तारिक स्पर्धेत राहील की जाईल, याने माझ्या पोटात एकदाही गोळा आला नाही.

अंतिम फेरीत नादियाने लिंबाचा लग्नकेक केला होता. तिचे लग्न बांगलादेशात झाले, तिथे केक नव्हता, म्हणून तो राहून गेलेला केक तिने तेव्हा केला; त्याला साडीचे कापड आणि आपल्या लग्नातले दागिने लावले. त्या केकमागे एका बाईची राहून गेलेली गोष्ट होती. तारिकही कादंबरीभर केक करतो, आणि तो चांगले करतो असे पॅरिस आपल्याला सांगतो. भट्टीचे दार उघडण्यापूर्वी तारिकचा हात थरथरतो का, हे पॅरिसने पाहिलेले नाही.