पोपच्या किल्ल्या आणि दान्तेचा न्याय

मध्ययुगीन युरोपात चर्च ही केवळ उपासनेची संस्था नव्हती. मनुष्याच्या परलोकाचा निवाडाही तिच्या हाती होता. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन केलेच पाहिजे, असा दंडक १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने घातला. १३०२ मध्ये पोप आठवा बोनिफेस याने त्याहून पुढे जाऊन पोपच्या अधीन असणे प्रत्येक मानवाच्या मुक्तीस आवश्यक आहे, असे घोषित केले. स्वर्गाच्या किल्ल्या संत पीटरकडून पोपकडे आल्या, ही त्यामागील धारणा होय. त्याच वर्षी फ्लॉरेन्समधून हद्दपार झालेल्या दान्तेने (१२६५–१३२१) 'डिव्हाइन कॉमेडी'त या धारणेची परीक्षा घेतली आहे.

तिसरा निकोलस हा पोप दान्तेच्या नरकात खड्ड्यात उलटा रोवलेला आढळतो आणि बोनिफेसचीही तेथे वाट पाहिली जात असते. एवढ्यावरून दान्तेला चर्चचा वैरी ठरविणे सोपे आहे. परंतु संताप म्हणजे विचार नव्हे. त्याचा विचार दोन व्यक्तिरेखांत अधिक स्पष्टपणे प्रकटतो.

ग्विदो दा मोन्तेफेल्त्रो हा उतारवयात फ्रान्सिस्कन संन्यासी झालेला सेनानी. शत्रूचा घात करण्याचा सल्ला बोनिफेसने त्याच्याजवळ मागितला आणि त्या पापाची क्षमा आधीच देऊन टाकली. ग्विदोने त्या क्षमेवर विश्वास ठेवला. मृत्यूनंतर मात्र सैतानाचा दूत त्याला घेऊन गेला. पाप करण्याची इच्छा आणि त्याचा पश्चात्ताप एकाच वेळी संभवत नाहीत, हा त्या दूताचा युक्तिवाद. याउलट सिसिलीचा राजा मॅन्फ्रेड १२६६ मध्ये बेनेव्हेन्तोच्या रणांगणावर बहिष्कृत अवस्थेत पडला. पोपच्या संमतीने त्याच्या अस्थीही उकरून बाहेर टाकल्या गेल्या, असे काव्य सांगते. तथापि अखेरच्या क्षणी त्याने पश्चात्ताप केला, म्हणून तो शुद्धिलोकात मुक्तीच्या वाटेवर आहे. पोपच्या क्षमेने एक तरला नाही, पोपच्या शापाने दुसरा बुडाला नाही.

तरीही हे बंड नव्हे. जितका काळ मॅन्फ्रेड बहिष्कृत राहिला, त्याच्या तीसपट काळ त्याला पर्वताच्या पायथ्याशी थांबावे लागते. जिवंतांच्या प्रार्थनेनेच ती मुदत घटू शकते. १३०३ मध्ये आनान्यी येथे बोनिफेसला कैद झाली, तेव्हा त्याच्या रूपाने ख्रिस्तच पुन्हा पकडला गेला, असे चित्र हाच कवी रेखाटतो. व्यक्ती दोषी असली तरी पद पवित्रच राहते. ज्या पश्चात्तापाच्या सिद्धान्ताने तो पोपला दोषी ठरवितो, तो सिद्धान्तही चर्चनेच त्याला दिलेला आहे.

मात्र चर्चचे माप स्वीकारल्याची किंमत कवीलाही मोजावी लागली. त्याचा वाटाड्या व गुरू व्हर्जिल बाप्तिस्म्याविना असल्यामुळे स्वर्गाबाहेरच राहतो. ईश्वराची कृपा येथे अगदीच नियमबद्ध आहे असेही नाही. व्हर्जिलच्याच महाकाव्यातील रिफिअस हे गौण पात्र दान्तेच्या स्वर्गात तेजाने तळपते. पात्र तरले, त्याचा कर्ता तरला नाही. या निवाड्याचे समर्थन दान्ते कोठेही पुरेसे करीत नाही. पोपच्या अधिकारापुढे निर्भय असलेली त्याची लेखणी येथे मात्र मौन पत्करते. त्याच्या श्रद्धेची खरी कसोटी पोपांच्या नरकवासापेक्षा या मौनात अधिक दिसते.