स्वतंत्र विनोदी चित्रपट, मराठीतील

मोठ्या चित्रसंस्थांचे भांडवल आणि लोकप्रिय नटांचा गल्ला यांवर विसंबून न राहता, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या कल्पनेनुसार अल्प खर्चात निर्माण केलेला विनोदप्रधान चित्रपट. मराठीत विनोदी बोलपटांची परंपरा जुनी असून मास्टर विनायक यांचा ब्रह्मचारी (१९३८) हा तिच्यातील एक महत्त्वाचा टप्पा होय. तथापि या परंपरेची भिस्त प्रायः अत्र्यांसारख्या लेखकाच्या कोटिबाजीवर किंवा एखाद्या नटाच्या व्यक्तिमत्त्वावर राहिली. दादा कोंडके यांनी स्वतः निर्मिलेला सोंगाड्या (१९७१) आर्थिक दृष्ट्या स्वतंत्र होता. पण त्यातील विनोद कोंडक्यांना वगळून उभा राहू शकत नाही.

नटाचा हा आधार काढून घेतल्यास हशा कशातून निर्माण व्हावा, या प्रश्नाचे समर्थ उत्तर उमेश कुलकर्णी यांच्या वळू (२००८) या पहिल्या कथापटात आढळते. कुसवडे गावात देवाला सोडलेला एक वळू मोकाट फिरतो, गावातल्या साऱ्या नुकसानीचे खापर त्याच्यावर फुटते आणि त्याला पकडण्यासाठी वनाधिकाऱ्याला पाचारण केले जाते. कथानक एवढेच. अतुल कुलकर्णी, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे यांसारखे परिचित नट त्यात असले, तरी चित्रपट कोणा एकाच्या खांद्यावर नाही. प्रत्येक पात्राचा वळूशी स्वतःचा असा काही हिशेब आहे : कोणाला पुढारीपण मिरवायचे आहे, कोणाला प्रतिस्पर्ध्याची जिरवायची आहे, तर कोणाला नुसते चारचौघांत दिसायचे आहे. यांपैकी कोणीही विनोद करीत नाही; सारे अत्यंत गंभीर आहेत, आणि हसू येते ते त्या गांभीर्याचेच. संवादलेखकाला येथे टाळ्यांची वाक्ये लिहावी लागत नाहीत. लहान जागा, मोजकी माणसे ही अल्प भांडवलाची अडचण अशा रचनेत सोयीचीच ठरते, कारण एकाची हालचाल लगेच दुसऱ्याला जाऊन भिडते.

शहरी प्रेक्षकाने खेडुतांना हसावे, हा धोका अशा चित्रपटात मोठा असतो. वनाधिकाऱ्याचा भाऊ गावावर माहितीपट घेतो, ही योजना त्या दृष्टीने मार्मिक होय. कॅमेऱ्यापुढे सावरून बसणारी माणसे आपल्याला कसे पाहिले जावे हे स्वतःच ठरवू लागतात आणि पाहणाऱ्याचे वरचढपण गळून पडते. उत्तरार्धातील पाठलाग मात्र लांबला आहे.

कुंदन शाह यांच्या जाने भी दो यारो (१९८३) या हिंदी चित्रपटाला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे अर्थसाहाय्य होते. त्यातील प्रेताची धावपळ उघड प्रहसनाच्या वळणाची असली, तरी तिच्या मुळाशी मुंबईच्या बांधकाम-व्यवहारातील भ्रष्टाचार आहे. म्हणूनच शेवट कडवट होऊनही तो उपरा वाटत नाही.

परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या चित्रपटाचा विषय दादासाहेब फाळके यांनी राजा हरिश्चंद्र (१९१३) कसा निर्माण केला, हा आहे. भारतातर्फे तो २००९ मध्ये ऑस्कर पुरस्कारासाठी पाठविण्यात आला. चित्रपटात काम करणे कमीपणाचे समजले जात असल्याने आपण ‘फॅक्टरी’त नोकरीला आहोत असे नटांनी सांगावे, हा मूळचाच मजेदार तपशील तो नेमका टिपतो. फाळक्यांचा उत्साह नंदू माधव यांनी प्रसन्नपणे रंगविला आहे. परंतु हा प्रसन्न सूर कोठेच उतरत नाही. घरातील चीजवस्तू विकल्या जातात, दृष्टी जाण्याची वेळ येते, तरी सारे हसतखेळत पार पडते आणि सरस्वतीबाईंच्या कष्टांचे ओझे प्रेक्षकाला जाणवत नाही. वळूमध्ये मुक्या जनावराच्या वाट्याला जेवढी करुणा येते, तेवढीही येथे त्यांच्या वाट्याला आलेली नाही.