सावत्र आईची सुटका

दिवाळीच्या सुटीत मुलांना नाटकाला नेणे हा आपल्याकडचा जुना परिपाठ आहे. नाटक सुटले, की परतताना आपण ठरलेला प्रश्न विचारतो : ‘मग, काय शिकलास?’ बालनाट्याचे मोल आपण तात्पर्याच्या तागडीत घालून जोखतो, याची ही खूण. माझ्या मते ते मोल निराळेच आहे. मुलाला जे बोलता येत नाही, ते त्याच्यासमोर मोठ्याने बोलले जाते का, हा खरा प्रश्न.

१९५९ साली सुधा करमरकरांच्या लिट्ल थिएटरने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले. पऱ्या-चेटकिणींच्या अशा नाटकांना कोणी निव्वळ करमणूक म्हणून नाक मुरडू नये. अंधाराला भिणारे मूल चेटकिणीच्या फजितीला टाळ्या पिटते, तेव्हा ते आपल्याच भयाची फजिती पाहत असते. पण आईवरचा राग? तो परीकथेला थेट सांगता येत नाही. त्यासाठी तिला सावत्र आई उभी करावी लागते. सख्ख्या आईची अब्रू राखण्यापायी ती बिचारी पिढ्यान्‌पिढ्या बोल खात आली.

तिची सुटका पुण्यात झाली. १९८६ साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स नाट्यपद्धती येथे आणली. आगाशे नट, तसेच मनोविकारतज्ज्ञ. हा योग अर्थपूर्ण आहे. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’, ‘नको रे बाबा’, ‘पण आम्हाला खेळायचंय’ ही नावेच पाहा. एकात तक्रार, दुसऱ्यात नकार, तिसऱ्यात ‘पण’! ‘वाईट्ट’मधला तो ‘ट्ट’ तर पाय आपटूनच म्हणावा लागतो. येथे राजवाडा नाही. आपल्यासारखीच घरे, आपल्यासारखेच आईबाप.

ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात. हे प्रथम खटकते. पण मर्म तेथेच आहे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत नट हातभर अंतरावर असतो. एवढा थोरला माणूस आपल्यासारखाच रुसतो, हे पाहून मूल हसते, आणि आपला राग म्हणजे काही पाप नव्हे, हे त्याला न सांगता उमगते. अशा प्रयोगांत मी रंगमंचाइतकेच प्रेक्षकांकडे पाहिले आहे. मुले खदखदत असतात. बापमंडळी मात्र जरा चुळबुळतात.

मोठ्यांना पटवले की मार्ग निघतो, हा ग्रिप्सचा आशावाद. परंतु काही दुःखांना मार्गच नसतो. तेथे मला २००४ सालचा ‘श्वास’ हा चित्रपट आठवतो. कर्करोगापायी दृष्टी गमावणार असलेल्या परशुरामचा आकांत त्यात कोणी उपदेशाने दडपीत नाही. आजोबांची असहायता त्याच्या शेजारी बसून राहते, एवढेच.

तेव्हा या सुटीत पालकांनी तो प्रश्न तेवढा टाळावा. जिना उतरताना मूल आपण होऊन ‘आई, तूपण अश्शीच ओरडतेस’ असे म्हणाले, तर रागावू नये. तिकिटाचे पैसे तेथेच वसूल झाले.