मिश्रण आणि भेसळ

साहित्याच्या अंकात हॉटेलातल्या जेवणाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. पण एकाच ताटात दोन मुलखांच्या चवी वाढल्या जात असतील, तर त्याविषयी आम्ही सीमाभागातल्या माणसांनी बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

गेल्या उन्हाळ्यात नातवाच्या हट्टाखातर बेळगावातल्या एका नव्या हॉटेलात गेलो. पाटीवर ‘इंडो-चायनीज फ्यूजन’ अशी अक्षरे. आत छताला लाल कागदी कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन आणि गल्ल्यावर उदबत्ती लावलेला गणपती. नातवाने वेटरला कानडीत पदार्थ सांगितले आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारले, “आज्जा, तिखट चालतंय न्हवं तुम्हाला?” मी म्हटले, “चालतंय की.”

आधी गोबी मंचुरियन आले. वरचे मैद्याचे कवच जाड, आतला फ्लॉवर कच्चट आणि रंग शेंदरासारखा. हात धुतल्यावरही बोटांची लाली गेली नाही.

हा पदार्थ मुळात असा नव्हे. त्याच्या नावात मांचुरिया आहे, पण मांचुरियाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. कलकत्त्यात जन्मलेले चिनी वंशाचे नेल्सन वँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची ही आपली सुरुवात. पण गरम मसाला घालायच्या जागी त्यांनी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातले. एवढ्या एका वळणाने नवा पदार्थ जन्मला. ते वळण त्यांना साधले, कारण दोन्ही स्वयंपाकघरे त्यांच्या घरचीच होती. कलकत्त्याच्या टांगरा भागातले हाक्का चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या कातडी कमावण्याचा धंदा करीत आणि भारतीय मसाल्यांत आपले जेवण रांधीत. त्याच समाजातल्या सुमारे ३००० माणसांना १९६२ च्या युद्धानंतर राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले होते, हे त्यांच्या नूडल्सवर ताव मारणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? दोन मुलखांच्या मधल्या माणसांवर संशय घेणे फार सोपे असते. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पुढे मंचुरियन गाड्यांवर आले, चिकनची जागा फ्लॉवरने घेतली आणि आपल्या भागातल्या जत्रांतून ते जिलेबीच्या शेजारी जाऊन बसले. इथवर सारे ठीक होते. मग रंग आला. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्यातल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. त्याच वर्षी म्हापशाच्या नगरपालिकेने तर गोबी मंचुरियनचे गाडेच बंद करायचे ठरवले. मला हे पटले नाही. दोष पदार्थाचा नव्हता. आणि ज्या मुलखात ब्याडगी मिरची पिकते, जी तिखटापेक्षा रंगासाठीच नावाजलेली, तिथे डबीतला रंग लागावाच का?

दुसरा पदार्थ शेजवान डोसा. डोसा स्वतःपुरता उत्तम होता. कडा कुरकुरीत, पीठ नीट आंबलेले. पण आत थापलेल्या चटणीने तो चार घासांत ओला होऊन मोडला. ‘शेजवान’ हे चीनच्या सिचुआन प्रांताचे नाव. तिथल्या स्वयंपाकाची खूण म्हणजे जीभ बधिर करणारे एक मिरे. ते आपल्याकडच्या शेजवान चटणीत औषधालाही नसते; असते ते फक्त लाल मिरची, लसूण आणि तेल. गंमत अशी, की त्या मिऱ्याचे सख्खे भावंड आपल्या घरात आहे. गोव्यात आणि कोकणात बांगड्याच्या आमटीत पडते ते तिरफळ त्याच कुळातले. जिभेला तशीच झिणझिणी आणणारे. या आचाऱ्याने चार तिरफळे ठेचून त्या चटणीत घातली असती, तर सिचुआन आणि गोवा एका वाटीत भेटले असते. फ्यूजनची पाटी लावणाऱ्याला हे सुचू नये, याचे वाईट वाटले.

शेवटी नातवाने कुंदा स्प्रिंग रोल मागवला. मी कपाळाला हात लावला. पण पहिल्याच घासाला माझे मत फिरले. पातळ, खमंग तळलेली पारी आणि आत रवाळ, किंचित खरपूस कुंदा. गरमागरम करंजी चिनी कपडे घालून आल्यासारखी! गोडी बेताची, तेल कमी. कोणी केला म्हणून विचारले. वेटर म्हणाला, आचारी नेपाळचा आहे, पण आठ वर्षे बेळगावात आहे आणि त्याला रोज कुंदा लागतो.

तिथे मला उत्तर मिळाले. तो रोल जमला, कारण करणाऱ्याला पारीही कळत होती आणि कुंदाही. डोसा बिघडला, कारण चटणीची ओळख केवळ बाटलीवरच्या नावापुरती होती. मंचुरियनमध्ये तर न जमलेले रंगाखाली झाकले होते. दोन्हीकडचे जाणून एकत्र करणे हे मिश्रण. न जाणता एकत्र करून वर रंग फासणे ही भेसळ.

आमच्या बोलीला पाहुणे हसतात. ‘या की, बसा की’ ऐकून ही मराठी शुद्ध नाही म्हणतात. त्यांच्या शुद्ध मराठीतले अक्का, अण्णा आणि अडकित्ता कानडीतूनच आले आहेत. मला नातवाच्या तोंडी दोन भाषा आल्याची चिंता नाही. चिंता एवढीच, की त्याला दोन्ही नीट याव्यात. एकीची पारी आणि दुसरीचा कुंदा.

त्या हॉटेलात मी पुन्हा जाईन. रोल मागवीन, मंचुरियन नाही. आणि जाताना खिशात मूठभर तिरफळे घेऊन जाईन, आचाऱ्याला द्यायला.